न केलेल्या प्रयोगांचे मार्क

प्राचार्यांनी माझ्या अंगातला पांढरा ऍप्रन काढायला लावला आणि हातात पाण्याच्या ग्लासांचा ट्रे दिला. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेच्या दारात. माझ्याच विद्यार्थ्यांसमोर.

"मॅडम, आज तुम्ही शिक्षक नाही. कमिटीला तासिकावाले दाखवायचे नाहीत. तुम्ही पाणी द्या."

मी म्हटलं, "सर, कमिटीने मुलांना विचारलं, कोण शिकवतं, तर मुलं माझंच नाव घेतील."

बाजूला विभागप्रमुख उभे होते. ते हसले. "भाषण जयंतीला करा, मॅडम. तुमच्याकडे चांगली करतात. इथे पाणी द्या."

तुमच्याकडे. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलेय. त्याची फोड म्हणणाऱ्याला कधी करावी लागत नाही आणि ऐकणारीला कधी विचारावी लागत नाही.

माझा ऍप्रन वाया गेला नाही. तो नानांना घातला. नाना म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे परिचर, निवृत्तीला आलेले, धुळ्याकडचे. कागदावर प्रयोगशाळेत एक तंत्रसहायक हवा होता आणि तो नव्हता. म्हणून नानांना ऍप्रन चढवला आणि तोंड उघडायचं नाही असं बजावलं. नानांचे हात बाहीत शिरेनात. ते माझ्याकडे न बघता पुटपुटले, "ताई, हाऊ तुमना शे. माले नको."

आधीच सांगून टाकते, म्हणजे कुणी माझ्याकडून भलती अपेक्षा करायला नको. मी ट्रे फेकला नाही. कॉलेजची श्रेणी ठरवणाऱ्या कमिटीचे तिघं आले, मी तिघांना पाणी दिलं. एकाने रिकामा ग्लास परत ठेवताना विचारलं, "या कोण?" प्राचार्य म्हणाले, "अटेंडंट." मी मान डोलावली. एम.एस्सी., सेट, पीएच.डी. आणि मान डोलावली.

कॉलेजला वरची श्रेणी मिळाली. गेटवर फ्लेक्स लागला. त्यावर संस्थेच्या अध्यक्षसाहेबांचा फोटो सगळ्यात मोठा, मग त्यांच्या नव्या पक्षाच्या नेत्याचा, मग प्राचार्यांचा. खाली कोपऱ्यात अणूचं चित्र होतं, म्हणजे विज्ञान.

मी कोण ते आता सांगते. माझे वडील दीपनगरच्या वीजकेंद्रात ठेकेदाराकडे कोळशावर होते. घरी आले की आधी कानामागचं काळं धुवायचे, मग बोलायचे. मी अकरावीत असताना एकदा त्यांनी विचारलं, "एवढी वर्षं कोळसा टाकतोय, त्याची वीज कशी होते गं?" मी जमिनीवर खडूने काढून दाखवलं. पाणी, वाफ, पातं, फिरणारं चुंबक. ते बराच वेळ त्या चित्राकडे बघत बसले. दुसऱ्या दिवशी त्यांनी शेजारच्या दोघांना आणलं आणि मला पुन्हा काढायला लावलं. त्या दिवशी मी ठरवलं की शिकवायचं. दुसरं काही मनात आलं नाही.

जळगावला बी.एस्सी. केलं तेव्हा आम्हाला एक म्हातारे सर होते. तापट. उपकरणावरचं वाचन तीनदा घ्यायला लावायचे. एखाद्याचं उत्तर पुस्तकाबरहुकूम आलं की ते वहीवर बोट ठेवायचे, "इतकं बरोबर कसं आलं? पुन्हा घे." खरं वाचन थोडं चुकतंच, हे मी तिथे शिकले. लंबकाला दोरा बांधून माझी बोटं दुखायची. प्रयोगशाळेची छपराची पन्हाळ गळायची, खुर्च्या मोडक्या होत्या, पण उपकरणं हातात मिळायची. हे मी गेल्या शतकातलं सांगत नाही. माझे केसही अजून पुरते पिकलेले नाहीत.

मग मी या तालुक्याच्या गावी कॉलेजात लागले. लागले म्हणायची पद्धत आहे. तासिका तत्त्वावर. म्हणजे जूनमध्ये कागद मिळतो आणि उन्हाळ्यात माणूस संपतो. पुढच्या जूनमध्ये पुन्हा मुलाखत, पुन्हा तेच सर्टिफिकेट, पुन्हा तोच प्रश्न, "लग्न झालंय का?" अकरा वर्षं. विभागात कायम माणूस एकच, ते विभागप्रमुख, अध्यक्षसाहेबांचे पुतणे. ते मस्टरवर सही करायला येत आणि निवडणूक असली की तेही नाही. तिन्ही वर्षांचे सगळे तास मी घेत होते.

कायम पद का भरलं नाही, हे विचारू नका. एका सरकारने भरतीला मंजुरी दिली. जाहिरात यायच्या आत ते सरकार गेलं. दुसऱ्याने स्थगिती दिली, आढावा घ्यायचा म्हणून. तिसऱ्यात पहिल्यातलेच काही लोक होते, त्यांनी आढाव्याचा आढावा घ्यायला समिती नेमली. आमचे अध्यक्षसाहेब प्रत्येक वेळी जे येईल त्याच्यात असत. विज्ञान भवनाचं भूमिपूजन माझ्यादेखत दोनदा झालं, एकाच जागी. पहिल्या कोनशिलेवर चुना मारून दुसरी बसवली. भवन अजून नाही. तिथे आता सायकली लावतात.

चंद्रावर यान उतरलं त्या दिवशी हॉलमध्ये मोठा पडदा लावला होता. पेढे वाटले. अध्यक्षसाहेब म्हणाले, आता देशाला कोणी अडवू शकत नाही, आणि यात आपल्या कॉलेजचा खारीचा वाटा असेल. पोरं खरोखर खूश होती. मीही होते, खोटं कशाला बोलू, डोळ्यात पाणी आलं होतं. कार्यक्रम संपल्यावर एका पोराने विचारलं, "मॅडम, आपल्या टेलिस्कोपमधून चंद्र दिसेल का?" टेलिस्कोप आमच्या वार्षिक अहवालात होता. कॉलेजात नव्हता.

वस्तू अहवालात असणं आणि कॉलेजात असणं यात फरक असतो. आमच्या संस्थेचं एक कॉलेज इथे, एक धुळ्याला. कमिटी जिथे येणार तिथे उपकरणं टेम्पोने जातात. आमच्याकडे माणसांच्या बदल्या होत नाहीत, यंत्रांच्या होतात. या वेळीही कमिटीच्या आदल्या दिवशी टेम्पो आला. स्पेक्ट्रोमीटर, दोन लेसर, एक ऑसिलोस्कोप. नानांनी खोके उतरवले आणि कपाळाचा घाम पुसत म्हणाले, "हाई बठ्ठं धुयानंच शे. दोन दिनमा परत जाई. तुम्ही काई बोलू नका, ताई." सगळं धुळ्याचंच, म्हणून धुळ्याच्या स्टिकरवर आमचं स्टिकर लावायचं होतं. ते मी लावलं. माझं अक्षर सुबक आहे म्हणून नंबरही मीच लिहिले. दुसऱ्या दिवशी मला ट्रे दिला तेव्हा मला फार अपमान वाटला. स्टिकर लावताना वाटला नव्हता. हे मला बरंच उशिरा कळलं.

आणि जी थोडी उपकरणं आमची स्वतःची होती ती कपाटात. कुलपात. किल्ली विभागप्रमुखांकडे. कारण डेडस्टॉक. डेडस्टॉक म्हणजे कॉलेजातल्या वस्तूंची नोंदवही. तिच्यात नोंदलेली वस्तू तुटली, हरवली, तर जबाबदारी प्रमुखांची. म्हणून वस्तू पोरांच्या हाताला लागू द्यायची नाही, म्हणजे ती तुटत नाही. बारा व्हर्निअर कॅलिपर होते. बाराही प्लॅस्टिकच्या पिशवीत, आल्या दिवसापासून. नोंदवही दरवर्षी तपासली जाई आणि दरवर्षी शेरा असे, सर्व वस्तू सुस्थितीत.

मग प्रॅक्टिकल कसे होत? फाइलवर. एक जुनी फाइल आहे, कुणा हुशार पोराची, त्याचं नावही आता कुणाला माहीत नाही. झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून ती पुढे चालत आली आहे. पोरं ती उतरवतात. आकृती पेन्सिलने, वाचनं निळ्या पेनने, उत्तर चौकटीत. ज्याला अगदीच सारखं नको असतं तो शेवटचा आकडा बदलतो आणि उत्तरावरून उलटं गणित करून वाचनं बसवतो. त्या फाइलमध्ये लंबकाची लांबी एकशे दहा सेंटीमीटर आहे. आमचा स्टँड माझ्या कमरेएवढाही नाही. एकालाही कधी हे खटकलं नाही, कारण एकानेही दोरा बांधला नव्हता.

परीक्षेला धुळ्याहून बाहेरचे परीक्षक येत. नाश्ता, ओळखी, कुणाची मुलगी कुठे दिली. दुपारी कुणाच्या तरी मळ्यात शेवभाजी आणि कळण्याची भाकरी. ते जायच्या आधी मी मार्कांचं पत्रक भरून ठेवायचं. चाळीसपैकी अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. कुणी फार गैरहजर असला तर सदतीस. खाली दोन सह्या, बाहेरच्यांची आणि माझी. मीही परीक्षक म्हणून धुळ्याला जाऊन हेच करून यायची. तिथे आमचीच उपकरणं भेटली तर ओळख द्यायची नाही.

दहा वर्षं मी सह्या केल्या. पद निघेल, आज ना उद्या निघेल, तेव्हा प्राचार्यांनी शब्द टाकायला हवा, म्हणून केल्या. अडला हरी गाढवाचे पाय धरी, असं म्हणून मीच माझी समजूत घालायची. बाबा फोनवर विचारायचे, "बाई, झाली का पक्की?" मी म्हणायची, होतेय. त्यांनी दीपनगरात सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, पोरगी प्रोफेसर आहे.

लता पावरा माझी विद्यार्थिनी. चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी तिचा पाडा. आईबाप पावसावरची शेती करतात, मोहाची फुलं वेचतात, उरलेल्या दिवसांत मजुरीला जातात. पाड्यावरची ती पहिली बी.एस्सी. पहिल्या बाकावर बसायची आणि मी फळ्यावर चूक केली की हात वर करायची. दुसऱ्या वर्षी एकदा तिने विचारलं, "मॅडम, प्रॅक्टिकल कधी सुरू होणार?" मी म्हणाले, "तू फाइल पूर्ण कर." तिने पूर्ण केली. तिची फाइल इतकी स्वच्छ होती की पुढच्या वर्गाने तिच्यावरूनच उतरवली. मी तिला एकोणचाळीस दिले.

ट्रेच्या प्रकारानंतर महिनाभराने ती पदवीचा कागद न्यायला कॉलेजात आली. स्टाफरूममध्ये मी एकटीच होते. पुण्याच्या एका संशोधन संस्थेत प्रशिक्षणार्थी घेणार होते, तिने अर्ज केला होता, मीच करायला लावला होता. मी विचारलं, काय झालं मुलाखतीचं? ती बसली नाही. उभ्याउभ्याच सांगू लागली.

"त्यांनी कॅलिपर दिला, मॅडम. आणि एक छोटी गोळी. याचा व्यास सांग म्हणाले."

"मग?"

"आधी लीस्ट काउंट विचारला. मी लगेच सांगितला, पॉइंट झिरो वन सेंटीमीटर. ते म्हणाले, बघून सांग."

लीस्ट काउंट म्हणजे त्या उपकरणाने मोजता येणारं सगळ्यात लहान माप. ते प्रत्येक उपकरणाचं वेगळं असू शकतं, हातात घेऊन त्याच्या रेघा मोजून काढायचं असतं. लताच्या हातातला कॅलिपर बारीक मापाचा होता. पण तिने फाइलमधलं सांगितलं. आमच्या कॉलेजात लीस्ट काउंट पाठ करायचा असतो, पाढ्यासारखा.

"मी पुन्हा तेच सांगितलं," ती म्हणाली. "मला वाटलं, त्यांना नीट ऐकू आलं नाही. मग त्यांनी गोळी धर म्हणून सांगितलं, तर मला कुठल्या टोकात धरायची तेच कळेना. वरच्या टोकात धरायला गेले. ती खाली पडली. टेबलाखाली गेली. मी वाकून शोधत होते आणि ते माझं मार्कशीट बघत होते."

"काही बोलले?"

"म्हणाले, एकोणचाळीस? मग म्हणाले, जळगाव ना, तुमच्याकडे भरीत फार छान मिळतं. मग फाइल मिटली."

ती रडली नाही. मी काहीतरी बोलायला गेले, तर तिने मला विचारलं. भांडायला म्हणून नाही, खरंच माहीत करून घ्यायला. "मॅडम, मार्कशीटवर सही तुमचीच असते ना?"

मी हो म्हणाले.

त्या क्षणाचं मला नीट सांगता येत नाही. मला वाटत होतं, माझा अपमान झाला आहे, आणि झाला होताच. जातीमुळे झाला होता, तासिकेमुळे झाला होता, बाई म्हणून झाला होता. अकरा वर्षं मी तो छातीशी धरून बसले होते. पण पुण्यात टेबलाखाली वाकून गोळी शोधणारी ती पोर, तिचा अपमान कुणी केला? त्या भरीतवाल्या माणसाने तर केलाच. पण तिला रिकाम्या हातांनी त्याच्यासमोर पाठवलं कुणी? अध्यक्षसाहेबांनी, पुतण्याने, तीन सरकारांनी. आणि मी. सही माझी होती. त्यांच्यापैकी एकाचीही नव्हती.

बारा कॅलिपर माझ्यापासून दहा पावलांवर होते. मी कधी कुलूप हलवूनसुद्धा पाहिलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी मी विभागप्रमुखांना फोन केला. किल्ली हवी आहे. ते कुठल्याशा मेळाव्यात होते, मागे लाउडस्पीकर चालू होता. "परीक्षेनंतर बघू, मॅडम. आता डेडस्टॉकची तपासणी आहे." मी नानांना विचारलं, नाना, कुलूप तोडायचं का? नाना कपाटाजवळ गेले, बोटाने चाचपून पाहिलं. म्हणाले, "कुलूप कशाले तोडानं, ताई? बिजागरी काढसू." त्यांनी घरून स्क्रू ड्रायव्हर आणला. पाच मिनिटांत दार कुलपासकट बाजूला काढून ठेवलं. मी म्हटलं, नाना, तुमची मेमध्ये निवृत्ती आहे. ते म्हणाले, "तेच ना. आते माले काय करतीन?"

परीक्षेला दोन महिने होते. त्यात मी तिसऱ्या वर्षाच्या पोरांकडून चार प्रयोग करून घेतले. सोळापैकी चार. पहिल्या दिवशी कॅलिपर हातात घेऊन पोरं नुसतीच हसत होती, लाजून. एकाने आपल्या बोटाची जाडी मोजली. मग सगळ्यांनी आपापली बोटं मोजली. दोन कॅलिपर पडून बिघडले. मी त्यांची नोंद केली, तारीख घातली, खाली माझं नाव लिहिलं. कुणाचंही उत्तर पुस्तकाबरोबर आलं नाही. मी ते तसंच चौकटीत लिहायला लावलं. थकून जायची मी त्या दिवसांत, पण घरी जाताना पाय जड नसायचे.

परीक्षेच्या दिवशी धुळ्याचे परीक्षक आले. भला माणूस, माझ्यासारखाच तासिकेवर, बारा वर्षं काढून मग कायम झालेला. नाश्ता झाला. प्राचार्यांच्या केबिनमध्ये पत्रक समोर ठेवलं. मी लिहायला सुरुवात केली. चार प्रयोगांपुढे पोरांचे खरे मार्क टाकले. चारांचे मिळून कुणाला सहा, कुणाला आठ. उरलेल्या बारा प्रयोगांपुढे लिहिलं, झाला नाही. झाला नाही. झाला नाही. शाईने.

परीक्षकांनी चष्मा काढला. हळूच म्हणाले, "मॅडम, असं नका करू. आमच्याकडे तरी कुठे होतात? तुमचे लोक येऊन तिकडे सही करतातच ना."

"मीच येते, सर. मीच करते सही."

प्राचार्यांनी दार लावून घेतलं. या वेळी आवाज चढवला नाही. उलट खुर्ची पुढे केली. "मॅडम, बसा. पुढच्या आठवड्यात जाहिरात येतेय. एकच पद आहे. तुमच्या विषयाचं, तुमच्या प्रवर्गाचं. अध्यक्षसाहेबांशी माझं बोलणं झालंय. अकरा वर्षं थांबलात, आता सहीवर घालवता?"

खोटं होतं की खरं, मला माहीत नव्हतं. खरं होतं. जाहिरात खरंच आली, त्याच आठवड्यात. पण त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की तो माणूस मला पहिल्यांदा बसायला सांगतोय.

मी म्हणाले, "जे झालं नाही ते झालं असं मी लिहिणार नाही."

"कळतंय का, काय गमावताय?"

"कळतंय."

विभागप्रमुखांना बोलावलं. ते आले, पत्रक पाहिलं, म्हणाले, "यांना जरा शिकवलं की हे असं असतं." प्राचार्यांनी त्यांच्याकडे पाहिलं, गप्प बसा अशा अर्थी. पण मी ऐकलं होतं. मी म्हणाले, "हो सर. असंच असतं. म्हणूनच शिकवत नाही ना तुम्ही, कुणालाच?" पेनचं टोपण लावता लावता खाली पडलं. ते न उचलता मी बाहेर आले.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दुपारी दुसरं पत्रक तयार झालं. अडतीस, एकोणचाळीस, अडतीस. अंतर्गत परीक्षक म्हणून विभागप्रमुखांनी सही केली. माझं पत्रक कुठे गेलं माहीत नाही, मी त्याचा मोबाइलवर फोटो काढून ठेवला होता तेवढा आहे. पद भरलं गेलं. जी मुलगी लागली ती वाईट नाही, घाबरलेली आहे, अकरा वर्षांपूर्वी मी होते तशी. जूनमध्ये मला कागद आला नाही. नाना मेमध्ये निवृत्त झाले. त्यांना शालही दिली नाही कुणी. ते म्हणाले, उन्हायामा शाल काय करू?

बाबांना सांगावं लागलं. पक्की झाली नाही, कच्चीही गेली. ते म्हणाले, "चूक काय केली?" मी म्हणाले, सही केली नाही. "मग सांगून टाक तसं सगळ्यांना," ते म्हणाले. पण आवाज पडलेला होता. त्यांचं शेजाऱ्यांना सांगितलेलं सगळं मी खोटं पाडलं होतं.

जुलैमध्ये मी लताकडे गेले. चोपड्यापर्यंत एसटी, पुढे वडापची जीप. ती अंगणात बूट घालून पळायला निघाली होती. पोलीस भरतीची तयारी करतेय. भौतिकशास्त्राची पुस्तकं तिने धाकट्या चुलतभावाला दिली आहेत. तिच्या आईने काळा चहा दिला. मी सांगितलं सगळं. बिजागरी, पत्रक, झाला नाही. मी शाबासकी घ्यायला गेले होते, हे लिहिताना लाज वाटते.

लताने ऐकून घेतलं. बुटाची नाडी बांधत म्हणाली, "यंदाची नाही केली, मॅडम."

"हो."

"आमची केली होती."

मग ती पळायला गेली. मी चहा संपवला.

दहा वर्षांची पोरं आहेत माझ्या सहीखाली. कुणी पाइपच्या कारखान्यात आहे, कुणी डाळ मिलमध्ये हिशेबाला. कुणी आश्रमशाळेत विज्ञान शिकवतो आहे आणि लीस्ट काउंट पाठ करून घेतो आहे. एक वर्ष नाही म्हटलं की दहा वर्षं धुऊन निघत नाहीत. मला आधी वाटलं होतं की निघतात.

म्हणून परवा मी विद्यापीठात अर्ज दिला. जळगावला, स्वतः जाऊन. त्यात कॉलेजचं नाव आहे, वर्षं आहेत, कुलपातल्या कपाटाबद्दल आहे, टेम्पोबद्दल आहे, स्टिकरवरचं अक्षर माझं आहे हेही आहे. विद्यार्थ्यांची नावं घातली नाहीत, त्यांनी ते मार्क मागितले नव्हते. सह्या करणाऱ्यांची नावं घातली. त्यात सगळ्यात वर माझं. खिडकीवरचा कारकून दोनदा वाचून म्हणाला, "बाई, हे तुमच्याविरुद्धच आहे." मी म्हणाले, हो, शिक्का मारा. शेजारची बाई म्हणाली, साहेब बदलले आहेत, नवे अजून आले नाहीत, समिती बरखास्त आहे. मी म्हणाले, शिक्का मारा.

माझी पीएच.डी. काढून घेतील, परीक्षेच्या कामावर कायमची बंदी घालतील, असं ओळखीचे लोक सांगतात. घालू देत. माझ्यापाशीच थांबून यादीतल्या बाकीच्यांना सोडलं, तर मात्र मी सोडणार नाही. दर महिन्याला तोच अर्ज पुन्हा नेईन. चौकशी बसली तर समोर उभी राहून एकेक वर्ष घेईन, एकेक प्रयोग घेईन, आणि प्रत्येकापुढे माझ्या तोंडाने सांगेन, झाला नाही, आणि सही माझीच आहे.